धरून ठेवणारी

कपाळाच्या मागे, भुवईच्या बाहेरच्या टोकापासून थोडं वर, मेंदूच्या करड्या सालीच्या तिसऱ्या थरात तिचा मुक्काम. अंग त्रिकोणी. माथ्यावरून एक लांब फांदी सालीच्या पृष्ठभागाकडे गेलेली, पायथ्याशी आखूड फांद्यांचा झुबका, आणि फांदी-फांदीवर बारीक काट्यांची गर्दी. प्रत्येक काट्याला कुणी ना कुणी शेजारीण येऊन टेकलेली. पिरॅमिड पेशींचं सगळं घराणंच या ठेवणीचं, पण मेंदूच्या मागच्या टोकाला दृष्टीच्या विभागात नांदणाऱ्या तिच्या बहिणींच्या अंगावर काटे मोजके, हिच्या अंगावर त्याच्या कित्येक पट. म्हणजे हिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळच फार. प्रयोगशाळेत तिला ‘डिले सेल’ म्हणतात. काही घडून गेलेलं आहे आणि त्यावर करायचं ते अजून बाकी आहे, अशा मधल्या पोकळीत ती कामाला असते.

आठवण म्हटलं की आपलं मन थेट आजोळच्या परसात जाऊन पोचतं. ते खातं हिचं नाही. ते कानशिलाच्या आत, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या गोतावळ्याच्या हवाली. तिथला ऐवज पेशींमधल्या जोडण्यांत मुरलेला असतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहिला तरी बिघडत नाही. हिच्या हातातली गोष्ट मात्र ती बोलत राहील तेवढाच वेळ तिथे असते. मोबाइलवर ओटीपी आला, तो वाचून आपण बँकेच्या पानावर गेलो आणि तेवढ्यात आतून कुणी विचारलं, “चहा टाकू का?” सहा आकड्यांतले चार उरले. आकडे धरायला भाषेचे विभागही हातभार लावतात, सगळा दोष हिच्या एकटीच्या माथी मारू नये. पण जात तीच.

तिला कामावर असताना बघायचं, तर येल विद्यापीठातल्या एका प्रयोगाकडे जावं लागतं. शिंतारो फुनाहाशी, चार्ल्स ब्रूस आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी तो 1989 साली प्रसिद्ध केला. माकड पडद्यासमोर बसलेलं. पडद्याच्या मध्यावर एक ठिपका, त्यावरून नजर हलवायची नाही. तेवढ्यात कडेच्या आठ जागांपैकी एका जागी अर्धा सेकंद प्रकाश चमकतो आणि विझतो. मग काहीच नाही. तीन सेकंद नुसतं मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. ठिपका नाहीसा झाला की मघाच्या, आता रिकाम्या असलेल्या जागेकडे डोळे फिरवायचे. नेमके तिथे पडले तर घोटभर बक्षीस.

पेशीशेजारी टेकवलेल्या, केसाहून बारीक टोकाच्या तारेतून येणारा विजेचा ठोका स्पीकरवर ऐकता येतो. एरवी तुरळक टक, टक. समजा आजची पेशी डाव्या हाताकडच्या जागेची आहे. प्रकाश उजवीकडे चमकला तर ही ढिम्म, कधी होती त्याहूनही गप्प. डावीकडे चमकला की कढईत लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू होते, आणि प्रकाश विझला तरी ती थांबत नाही. पडद्यावर काही नाही, हातपाय हलायचे नाहीत, डोळे मध्यावर खिळलेले, आणि हिचे आपले सेकंदाला वीस, तीस, कधी चाळीस ठोके चालूच. डोळे त्या जागी जाऊन पोचले की थोड्याच वेळात ती पुन्हा आपल्या टक-टकवर. जे संपलं ते संपलं. मघाशी डावीकडे काय होतं, असं आता तिला कुणी विचारलं तर ती तोंडात मूग गिळून बसेल.

त्या प्रयोगातल्या बरोबर खेपांपेक्षा मला चुकलेल्या खेपा जास्त खिळवतात. माकडाची नजर भलत्याच जागी गेली, त्या खेपांच्या नोंदी वेगळ्या काढून पाहिल्या तेव्हा दिसलं, की तिची तडतड एकतर नीट सुरूच झाली नव्हती किंवा मध्येच तुटली होती. डोळे चुकले ते शेवटी, पण चूक त्याआधीच, त्या रिकाम्या तीन सेकंदांत होऊन गेली होती. आपण चुकीच्या निर्णयाची चौकशी करतो ती बहुतेक वेळा निर्णयाच्या क्षणाची. विचार कसा केला, कोणत्या निकषावर केला, डोकं ठिकाणावर होतं का. डोकं ठिकाणावर असतं. ज्या गोष्टीवर विचार करायचा, तीच तोवर हातातून निसटलेली असते.

तिचा माग लागायला बराच काळ गेला. 1930 च्या दशकात कार्लाईल जेकबसन यांनी येलमध्येच माकडांच्या आणि चिंपांझींच्या मेंदूचा पुढचा भाग काढून पाहिला. खाऊ समोर दाखवून दोनपैकी एका भांड्याखाली ठेवायचा, मध्ये पडदा टाकायचा, काही सेकंदांनी उचलायचा. शस्त्रक्रियेआधी हे प्राणी सहज बरोबर भांडं उचलत. नंतर ते अंदाजपंचे हात घालू लागले. बघणं शाबूत, भूक शाबूत, हात शाबूत, मधले काही सेकंद तेवढे गेले. (याच कामाचा एक भलताच धागा पकडून 1935 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी माणसांच्या मेंदूचे पुढचे धागे कापायला सुरुवात केली आणि 1949 चं नोबेल मिळवलं. त्या बक्षिसाबद्दल बोलायला इथे जागा नाही, आणि चांगलं बोलण्यासारखं फारसं काही नाही.) मग 1942 मध्ये रॉबर्ट माल्मो यांनी एक साधी गोष्ट केली. पडदा टाकल्यावर मधल्या वेळात दिवा मालवला. पुढचा भाग काढलेली तीच माकडं अंधारात बरीच बरी वागली. म्हणजे जे गेलं होतं त्यात नुसतं धरून ठेवणं नव्हतं, आजूबाजूच्या गडबडीपासून हातातलं वाचवणंही होतं.

डोनाल्ड हेब यांनी 1949 च्या पुस्तकात कागदावर तर्क मांडून ठेवला होता, की पेशी एकमेकींना उठवत राहिल्या तर बाहेरचं निमित्त सरल्यावरही ठोका आत फिरत राहू शकेल. प्रत्यक्ष ती सापडली 1971 मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. कॅलिफोर्नियात होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांना, जपानमध्ये क्योतो विद्यापीठाच्या किसो कुबोता आणि हिरोआकी निकी यांना. फुस्टरांच्या नोंदींमधल्या काही पेशी अर्धं मिनिट आणि त्याहून जास्त वेळही नेटाने बोलत राहिल्या होत्या. एका ठोक्याचं आयुष्य एक मिलिसेकंद. अर्धं मिनिट धरायचं म्हणजे तिने शेकडो वेळा तोच शब्द उच्चारायचा, आणि कंटाळायचं नाही.

हे सगळं आपल्याला ठाऊक झालं ते माकडांच्या कवटीला भोक पाडून. त्या काळात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना लागणारी लाल तोंडाची रीसस माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात; 1978 मध्ये आपल्या सरकारने ती निर्यात बंद केली. येलच्या खोलीतली तडतड ऐकताना कौतुक वाटतं ते खरं, पण माकड तिथे आपल्या खुशीने बसलेलं नव्हतं हेही तितकंच खरं. हे वाक्य लिहून मोकळं होता येत नाही. तरी ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता तिच्या स्वभावाकडे येऊ. तिला लोक चिवट म्हणतात, पण एकटीच्या बळावर ती अजिबात चिवट नाही. पेशीचं आवरण गळकं असतं. बाहेरून मिळालेला धक्का वीसेक मिलिसेकंदांत ओसरून जातो. तीन सेकंद म्हणजे तिच्या हिशेबाने युग. ती टिकते ती शेजारणींच्या जिवावर. डाव्या जागेच्या पेशी डाव्या जागेच्या पेशींना ढोसत राहतात. एकीचा ठोका विझायच्या आत दुसरीचा तिच्या काट्यावर येऊन पोचतो. त्यासाठी या वस्तीत एक खास सोय आहे. काट्यांवर ग्लुटामेट हे रसायन पकडणारी दारं दोन प्रकारची असतात. एक झटकन उघडतं, झटकन मिटतं. दुसरं, एनएमडीए नावाचं, सावकाश मिटतं, शंभरेक मिलिसेकंद रेंगाळतं. ते रेंगाळणं हाच या मंडळींचा आधार. झटपट दारांवरच कारभार चालला असता तर सगळा मेळ केव्हाच विस्कटला असता. केटामाइन हे दार अडवतं, आणि ते दिलं की हिचं बोलणंही मंदावतं.

पण एकमेकींना ढोसत राहणाऱ्यांना आवरणारंही कुणीतरी लागतं, नाहीतर सगळी वस्तीच पेटायची. ते काम आवर घालणाऱ्या वेगळ्या पेशींचं. डावीकडच्या बोलायला लागल्या की या मधल्या बायका उजवीकडच्यांना गप्प करतात. म्हणून उजवीकडे प्रकाश चमकल्यावर आपली डावीवाली नुसती स्वस्थ नसते, दबलेली असते. तिच्या चोख असण्यात तिच्या स्वतःच्या बोलण्याइतकाच इतरांनी तिला वेळेवर गप्प बसवण्याचाही वाटा आहे.

आणि तरीही ती सरकते. हा तिचा खरा दोष. विझणं, तुटणं हे अपघात झाले; सरकणं रोजचं. घरात दिवे गेले की ओट्यावर मघाशी पाहिलेल्या काडेपेटीकडे आपण अंधारात हात लांबवतो. लगेच लांबवला तर हात नेमका पेटीवर पडतो. पाच-दहा सेकंद घुटमळलो, कुणाला तरी “हलू नकोस रे, पाट आहे तिथे” म्हणालो, आणि मग हात घातला, तर तो चार बोटं अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो. काडेपेटी हललेली नसते. आत जी पेशींची टोळी ती जागा धरून बसली होती, तिच्या बोलण्याचा जोर थोडा थोडा करत शेजारच्या जागेच्या टोळीकडे झुकलेला असतो. प्रत्येक ठोक्यात थोडा अनियमितपणा, त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे. कुणी हातातलं सोडलं नाही, कुणी गप्प बसलं नाही, तरी जागा बदलली. क्लाउस विमर, आल्बर्ट कोम्प्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये माकडांच्या नोंदी तपासून हेच दाखवलं. डोळे जिथे पडायचे त्याच्या थोडे एका बाजूला पडले, त्या खेपांना वाट पाहण्याच्या शेवटी-शेवटी पेशींचा कलही त्याच बाजूला गेलेला होता. म्हणजे ती ठामपणे बोलते आहे एवढ्यावरून ती बरोबर बोलते आहे असं ठरत नाही. माणसांतही असे ठाम लोक भेटतात.

तिच्या घराण्याची एक शाखा उंदरात आहे आणि तिथली हकीकत ऐकण्याजोगी आहे. उंदराला खूण देऊन, थोडं थांबवून, मग डावीकडे किंवा उजवीकडे चाटायला लावतात. थांबण्याच्या काळात मेंदूच्या पुढच्या भागातली एक बाजू प्रकाशाच्या झोताने काही क्षण गप्प पाडली, तर झोत बंद झाल्यावर तिथल्या पेशी पाहता पाहता पुन्हा मूळ मुद्द्यावर येतात आणि उंदीर बरोबर चाटतो. दोन्ही बाजू एकदम गप्प पाडल्या तर मात्र मुद्दा हरवतो तो हरवतोच. नुओ ली आणि कारेल स्वोबोदा यांच्या गटाने 2016 मध्ये हे मांडलं. पलीकडची बाजू डाव्या-उजव्या मेंदूला जोडणाऱ्या पुलावरून अलीकडच्या बाजूला तिचं राहिलेलं वाक्य सांगत असते. तो पूल कापला की ही मदत बंद.

निर्णय घेणं हे वरिष्ठांचं काम आणि धरून ठेवणं हे कारकुनी, असं वाटत असेल तर मंडईत आंबे घेणाऱ्याकडे बघावं. एक हापूस नाकाशी धरला, ठेवला, दुसरा धरला, आणि “हा द्या.” दुसरा नाकाशी असताना पहिल्याचा वास कुठे होता? हाच प्रश्न मेक्सिकोत रानुल्फो रोमो यांनी माकडाच्या बोटाच्या टोकाशी नेऊन ठेवला. बोटावर एक थरथर, तीन सेकंद विश्रांती, मग दुसरी थरथर. कोणती जलद होती ते सांगायचं. 1999 मधल्या त्यांच्या निष्कर्षानुसार विश्रांतीच्या काळात पुढच्या भागातल्या काही पेशी पहिल्या थरथरीच्या वेगाच्या प्रमाणात बोलत होत्या. वेग जास्त तर काही जास्त बोलायच्या, काही उलट कमी. तुलना करायची तर एक बाजू समोर असते, दुसरी या पेशींच्या तोंडात. ती तोंडातली बाजू पुसट झाली तर तराजूत दोष नसतानाही माप चुकतं.

याच्या पुढची गंमत म्हणजे तोलण्याचं कामही बहुधा याच जातीच्या पेशी करतात. पडद्यावर शेकडो ठिपके सैरावैरा, त्यांतले थोडेच एका दिशेने सरकणारे. दिशा कोणती ते सांगा, असं माकडाला विचारलं, तर माथ्याच्या मागच्या उतारावरच्या एका पट्ट्यातल्या पेशी आपल्या बाजूचा पुरावा येईल तसा आवाज चढवत नेतात. आवाज एका पातळीला पोचला की निर्णय. पुरावा स्पष्ट असेल तर चढ उभा, धूसर असेल तर लांबट. जेमी रॉइटमन आणि मायकेल शॅडलेन यांचा 2002 मधला हा अभ्यास. त्याच वर्षी शियाओ-जिंग वांग यांनी गणिताने दाखवून दिलं, की धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या जाळ्यातच, त्याच रेंगाळणाऱ्या दारांच्या जोरावर, पुरावा साठवत निर्णयाला येण्याची सोय आपोआप होते. ज्या पेशीला तीन सेकंद थांबता येतं, तिलाच घाई न करता ऐकून घेता येतं. पण या पट्ट्याचा फार उदोउदो नको. 2016 मध्ये तो तात्पुरता बंद करून पाहिला तर माकडांचे निर्णय फारसे बिघडले नाहीत. काम बहुतेक अनेक घरांत वाटलेलं असावं, आणि आपण ज्या घरी तार टेकवतो तिथलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं.

तिच्या मर्जीबद्दल सांगितलं पाहिजे. ती फार हळवी. 1979 मध्ये ब्रोझोस्की, गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं नुसतं डोपामिन काढून टाकलं, पेशींना हात न लावता. परिणाम जवळजवळ तो भाग कापून काढल्याइतका झाला. म्हणून डोपामिन ओतत जावं असंही नाही. 2007 मध्ये सुशील विजयराघवन, एमी आर्न्स्टेन आणि सहकाऱ्यांनी तिच्या शेजारी औषधाचा अंश सोडून पाहिलं. डोपामिनच्या दाराला हलका इशारा मिळाला तर ती जास्त नेमकी होते, भलत्या दिशेच्या बडबडीला आवर बसतो; इशारा जोराचा झाला की सगळंच बोलणं बंद. थोडं कमी असलं तरी रुसते, थोडं जास्त झालं तरी रुसते.

परीक्षेच्या हॉलमध्ये हेच होतं. प्रश्न वाचला, समजला, पर्यायांकडे नजर गेली आणि प्रश्नात ‘चुकीचं विधान ओळखा’ होतं की ‘बरोबर’, तेच हरवलं. भीतीबरोबर डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन यांचा लोंढा येतो, पेशीच्या आत रसायनांची साखळी हलते, काट्यांजवळची पोटॅशियमची दारं उघडतात आणि शेजारणीने दिलेला ठोका आत पोचायच्या आधीच गळून जातो. शेजारीण बोलते आहे, हिला ऐकू येत नाही. मग कारभार मेंदूच्या खालच्या, जुन्या, सवयीने चालणाऱ्या भागांकडे जातो. आर्न्स्टेन यांनी या एका गळतीचा शोध घेण्यात दशकं घालवली. वाघ समोर आला तर ही व्यवस्था बरीच शहाणपणाची. मंद पेशींना बाजूला सारून पळायचं. नकारात्मक गुणांच्या पेपरात ती उपयोगाची नाही. पोरांना हॉलच्या दारात “घाबरू नकोस” म्हणणारे आईबाप नेमक्या याच पेशीशी बोलत असतात, फक्त ते तिला भीतीची आठवण करून देतात.

मघाशी म्हटलं, की काम झालं की ती विसरते. ते तितकंसं खरं नाही. बार्बोसा, कोम्प्टे आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं, की माकडाची आणि माणसाचीही या खेपेची चूक गेल्या खेपेच्या जागेकडे जराशी ओढलेली असते. दोन खेपांच्या मध्ये पेशी गप्प असतात, पण त्यांच्या जोडण्यांत गेल्या बोलण्याची ऊब उरलेली असते, आणि नवं काम सुरू होण्याच्या सुमारास ती पुन्हा वर येते. हातातलं टाकलं तरी बोटांना वास राहतो.

इथेच तिचे टीकाकार उभे राहतात. मोंजिल्लो, बाराक आणि त्सोदिक्स यांनी 2008 मध्ये मांडलं, की सतत बोलण्याचा हा खर्चिक उद्योग हवाच कशाला? पेशीने एकदा बोलून घ्यावं, जोडणीच्या टोकाशी साचलेलं कॅल्शियम सेकंदभर खूण राखील, गरज पडली की हलकेच हलवून घ्यावं. मुद्दा बिनतोड वाटतो, कारण मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि खाणं वीस टक्के. मग एमआयटीतले अर्ल मिलर आणि त्यांचे सहकारी म्हणाले, की तुम्ही ज्याला अखंड तडतड म्हणता ती अनेक खेपांची सरासरी काढल्यामुळे अखंड दिसते. एकेक खेप सुटी पाहिली तर मध्ये मध्ये बोलण्याच्या झुळका आहेत आणि त्यांच्या दरम्यान शांतता. 2018 मध्ये एका नियतकालिकात दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजू समोरासमोर छापल्या.

मला यात कुणाची बाजू घ्यायची घाई नाही, पण एक मात्र दिसतं. एकेकीचं बोलणं वरखाली होतं हे तिच्या वकिलांनाही मान्य आहे. तीन सेकंदांत एक चढते, एक उतरते, एक मध्येच जागी होते. 2017 मध्ये जॉन मरे आणि इतरांनी सगळ्यांचं बोलणं एकत्र मांडलं, तेव्हा या खळबळीच्या आत एक स्थिर सूर निघाला. व्यक्ती बदलतात, मंडळाचं म्हणणं ठरलेलं राहतं. त्याच वर्षी कामिन्स्की, रुटिशाउझर आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत तारा घातलेल्या माणसांमध्ये तिची चुलत घराणी गाठली. एखादं चित्र मनात धरायला सांगितलं की त्या चित्राच्या पेशी चित्र गेल्यावरही बोलत राहत. एकाऐवजी तीन चित्रं धरायला लावली की त्यांचं बोलणं मंदावे, आणि जिथे ते मंद तिथे उत्तर चुकण्याची शक्यता जास्त. रुग्ण मात्र जागे होते, बोलत होते, आणि आपल्या मर्जीने प्रयोगात बसले होते.

म्हातारपण तिला लवकर गाठतं. येलमध्ये तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध माकडांतल्या या पेशींची तुलना 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाश चमकताच बोलणाऱ्या पेशी म्हातारपणीही तशाच तरतरीत होत्या. उतार होता तो वाट पाहण्याच्या काळात बोलणाऱ्यांत, आणि तो मध्यमवयातच सुरू झाला होता. पंचेचाळिशीच्या माणसाला शेजारच्या खोलीत जाऊन आपण इथे कशाला आलो असं होतं, तेव्हा डोळे-कान तक्रार करत नाहीत, त्याचं हे बरंचसं कारण असावं. मग त्याच म्हाताऱ्या पेशीच्या अंगाला लागून असलेल्या काचेच्या नळीतून ग्वानफासिनचा कण विजेच्या हलक्या रेट्याने बाहेर ढकलला. मूळची ही रक्तदाबाची गोळी. ती काट्यांजवळची ती पोटॅशियमची गळकी दारं मिटायला लावते. काही मिनिटांत म्हातारीचं बोलणं वाढलं, तरुणपणाच्या बरंचसं जवळ गेलं. चंचल मुलांसाठी हे औषध 2009 पासून अमेरिकेत अधिकृतपणे दिलंही जातं.

साहजिकच माणसांतल्या म्हाताऱ्यांवर ते करून पाहिलं गेलं. 75 वर्षांवरच्या निरोगी लोकांना 12 आठवडे गोळी दिली, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. शेवटी दोन्ही गटांच्या चाचण्यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. नळीचं टोक एका पेशीपाशी असतं, गोळी सगळ्या शरीरभर फिरते, आणि तिला नेमकी कुणाच्या कुठल्या दाराशी जायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.